पाणी जातंय कुठे

बाबा मागेच म्हणाले होते, "सूनबाई, नुसतं पाणी ओतत काय बसतेस, ते जातंय कुठे ते बघ." तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

काल त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, तेव्हा मी पिकअपखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. आज सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत, आणि पाणी मात्र उतरलेलं. गाडी चालू केली तर मागून पांढरा धूर, इंजिन तापलं तरी थांबेना. म्हणजे पाणी इंजिनाच्या आतच जातंय. पाणी अडवणारं हेड गॅस्केटच गेलंय. पंखा आणि पट्टा धडधाकट आहेत, उगाच पुन्हा त्यांच्या मागे लागू नकोस.

अशा गाडीत माल भरून तुला चढावर जाऊ देणार नाही. चावी माझ्या पर्समध्ये आहे. रागवायचं तर मी आल्यावर रागव. छकुलीला घेऊन मिस्त्रीकडे चाललेय, त्याला बरोबर घेऊनच येईन.

तुझी घाई बघून बाबांनी काल इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. "काही झालं नाही," म्हणतात, पण सकाळी चहाचा कप डाव्या हातात होता आणि उजवा हात शालीखाली. मला ते दाखवायचे नाहीत. तू उठल्याउठल्या आधी त्यांचा हात बघ.