कांचनला कायम का केलं

रावपुरा, बडोदे
२० जानेवारी २०१९

प्रिय बाळ,

'कांचनची नेमणूक महिनाअखेरपर्यंत रद्द कर, नाहीतर मी माझा अर्धा हिस्सा दिनकररावांना विकतो,' असा तुझा निरोप परवा मोबाइलवर आला. त्याचं उत्तर देणं भाग आहे म्हणून लिहिते आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच 'ताई, ऐक तर' म्हणता येत नाही. अक्षर मोठं आलं आहे आणि एकेक ओळ सोडून लिहिते आहे, त्यामुळे पाकीट जाड होईल. टपालखर्च माझा आहे, कारखान्याचा नाही. त्यासाठी वेगळा निरोप पाठवू नकोस.

आधी तुझं म्हणणं मीच मांडते, म्हणजे ताईला कळलंच नाही असं तुला म्हणता येणार नाही. सरकारची योजना आहे. कारखानदाराने शिकाऊ मुलामुलींना वर्षभर कामावर घ्यायचं, दरमहा विद्यावेतन द्यायचं, आणि त्यातला काही भाग सरकार त्याला परत देणार. कांचन जुलैत आली. वर्षभर ती शिकाऊ राहिली असती तर वर्षभर अनुदान आलं असतं. मी तिला जानेवारीतच कायम केलं, त्यामुळे उरलेलं अनुदान गेलं आणि वर पुरा पगार सुरू झाला. जूनपर्यंत थांबायला काय हरकत होती, आणि जूनमध्ये तिला निरोप देऊन दुसरी मुलगी का घ्यायची नाही, हा तुझा प्रश्न. हिशेबनीस माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. 'आपण कारखाना चालवतोय की अनाथाश्रम' हे मात्र गैर. तिचे आईवडील प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये धडधाकट आहेत.

दिनकरराव तुझ्याशी बोलतात हे मला माहीत आहे. शेजारी शेड असल्यामुळे माझ्याशीही रोज बोलतात. प्लास्टिकच्या झाकणांचा त्यांचा धंदा चांगला चालला आहे आणि पोरं दर वर्षी बदलतात. गेल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला एक मुलगा त्यांच्याकडे खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. वर्ष संपलं तेव्हा त्याला पेनांचा सेट मिळाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. मी कांचनला कायम केल्याचं कळलं तसे ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "अहल्याबेन, सरकार पंगत वाढतंय आणि तुम्ही उपास धरून बसलात." मी म्हटलं, "दिनकरराव, तुमच्या पंगतीला खरकटी कोण काढतं ते पोरांना विचारा." ते हसले. माणूस वाईट नाही. त्यांना आपली शेड हवी आहे, आणि तेही ते लपवत नाहीत.

आता कांचनबद्दल. वडील रेल्वे वर्कशॉपात फिटर, घराणं जळगावकडचं. डिप्लोमाची परीक्षा देऊन ती थेट आपल्याकडे आली. बोलणं अखंड. मशीनवरच्या आपल्या नारणभाईंशी गुजराती, फोनवर मैत्रिणींशी हिंदी, आईशी मराठी, आणि कोणी नसेल तर मशीनशी. मला सगळ्यांसारखं 'बेन' म्हणते. मराठी घरातली आहेस, मराठीत हाक मार, असं मी सांगितलं तर पहिल्याच दमात 'ताई' म्हणाली. मी म्हटलं, ताई म्हणायला मला एक माणूस आहे, तो पुरे. तेव्हा पुन्हा बेन. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "बेन, इथे माझं काम काय? झाडू मारायला मी आलेली नाही." मी तिच्या हातात झाडूच दिला. आपल्या लॅपिंगच्या, म्हणजे घासून सपाट करायच्या, खोलीत धुळीचा कण चालत नाही, हे तिला झाडू मारूनच कळणार होतं. दुपारपर्यंत तिने मला तीन कोपरे दाखवले, जिथे माझा झाडू कधी पोचला नव्हता.

तू गणपतीत आलास तेव्हा ऑफिसात बसून चहा घेऊन गेलास, म्हणून काम काय आहे तेही पुन्हा सांगते. रिफायनरीच्या पंपांतून तेल गळू नये म्हणून आपण दोन कड्यांची जोडी बनवतो, तिला सील म्हणतात. त्या एकमेकींना टेकून फिरतात, म्हणून त्यांच्या टेकणाऱ्या बाजू इतक्या सपाट लागतात की नुसती पट्टी लावून ते कळत नाही. बिडाच्या गोल पाट्यावर बारीक पूड आणि तेल घालून कडी घासायची, मग तिच्यावर सपाट काच ठेवून पिवळ्या दिव्याखाली पाहायचं. काचेत काळ्या रेघा दिसतात. रेघा सरळ असतील तर कडी पास. वाकल्या असतील तर परत पाट्यावर. दादांनी आपल्या लेकीला, म्हणजे मला, हे शिकवलं तेव्हा मी नुकती फिजिक्सची पदवी घेऊन आले होते आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं.

खंडेनवमीला मी चष्म्याचा नंबर बदलायला गावात गेले होते आणि पूजा कांचनवर सोपवली होती. आपण हळदकुंकू मशीनच्या बाहेरच्या अंगाला लावतो, हे सांगायची गरज असते असं मला वाटलं नाही. तिने विचार केला की या खोलीत मुख्य देव म्हणजे पाटा, तेव्हा मुख्य पूजा त्याची. ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक पाट्यावर, त्यावर अक्षता, त्यावर झेंडू. काचेलाही हळदीचं बोट. सुट्टीनंतर नारणभाईंनी वरची फुलं काढून मशीन सुरू केलं, तेव्हा तांदूळ आणि कुंकू त्या पाट्याने पार जिरवून घेतलं. कड्या निघाल्या त्या मांजराने ओरबाडल्यासारख्या. नारणभाई म्हणाले, "बेन, माताजी ठेठ अंदर सुधी पहोंची गयां." देवी थेट आतपर्यंत पोचली, हे खरंच होतं. कांचन म्हणाली, "बाबांच्या वर्कशॉपात लेथलासुद्धा लावतात." मी म्हटलं, "लेथच्या अंगाला लावतात. पोटात घालत नाहीत." ती गप्प बसेल असं वाटलं होतं. तर म्हणते, "कुठे लावायचं नाही ते कोणी सांगितलं होतं का?" कोणी सांगितलं नव्हतं. दिनकररावांचा सल्ला लगेच आला: हिला काढा, दुसरी मागवा, योजनेत तेवढी सोय आहे. मी तिला काढलं नाही. पाटा तू बिघडवलास, तूच तो सरळ करायचा, असं सांगितलं.

तिने तो केला. धुतला, पोखरून निघालेला भाग घासला, पुन्हा सपाट केला. दिवाळीनंतर पाट्यावरून पुन्हा कड्या निघू लागल्या. मी काचेखाली पाहिलं, रेघा वाकलेल्या. पाटा अजून ठीक नाही, पुन्हा कर. तिने पुन्हा केला. पुन्हा वाकलेल्या. एक तर हिच्या हातात कसर आहे किंवा हिच्या मनात काम नाही, असं माझं मत झालं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ऑर्डर अडकली, गिऱ्हाईक फोन करू लागलं. नोव्हेंबरचा माल एवढा कमी कसा असं तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर हे. कांचनचं बोलणं बंद झालं. ती खोलीत असूनही खोली सामसूम झाली. मला शांतता आवडते असा माझा आजवर समज होता.

डिसेंबरात एका दुपारी तिने एक कडी माझ्यासमोर ठेवली. मी पाहिली आणि म्हटलं, वाकडी. ती म्हणाली, "बेन, सरळ आहे." मी म्हटलं, "तुझं वय काय आणि तू मला रेघा शिकवतेस?" ती म्हणाली, "वय राहू द्या. ही कडी तुम्हीच ऑगस्टमध्ये पास करून नमुना म्हणून कपाटात ठेवली होती." मला फार राग आला. कपाट न विचारता उघडलं यावरून मी बोलायला लागले, कारण दुसऱ्या कशावर बोलावं ते सुचेना. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बेन, डावा डोळा मिटा आणि दाराची चौकट बघा." कडी तपासताना मी नेहमी उजव्या डोळ्याने पाहते, हे तिने हेरलं होतं. मी पाहिलं. चौकट मध्यभागी पोट काढून उभी होती. मी म्हटलं, "पावसाने फुगली आहे." ती म्हणाली, "लोखंडी आहे, बेन." मग हळू आवाजात म्हणाली की तिच्या आजीला खिडकीचे गज असेच दिसायचे, आणि आजी आठ दिवस सुताराला शिव्या देत होती.

डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे, डाव्याची सुरुवात आहे. ऑपरेशन नाही. इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी आहे ते टिकेल अशी आशा आहे, गेलेलं परत येणार नाही. आंधळी होणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. रस्ता दिसतो, माणसं दिसतात, भिंग धरलं की वाचता येतं. स्कूटर विकली. रिक्षाचा खर्च का वाढला हाही तुझा एक प्रश्न होता. खराब कडी आपल्याकडून एकही गेलेली नाही. मला सरळ रेघ वाकडी दिसत होती, त्यामुळे झालं इतकंच की चांगला माल पडून राहिला. तो सगळा मी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. कांचनने जी कडी पास म्हटली ती तिथेही पास झाली, जी नको म्हटली ती तिथेही नापास झाली. पाटा तिने पहिल्याच खेपेला सरळ केला होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." माफीची तिला गरज नव्हती, वेळ वाया गेल्याचा राग होता.

आता जूनपर्यंत का थांबले नाही ते. प्रत्येक सीलबरोबर तपासणीचा दाखला जातो आणि त्यावर पाहणाऱ्याची सही लागते. गिऱ्हाइकांना शिकाऊ माणसाची सही चालत नाही, कायम नोकरीतल्या जबाबदार माणसाची हवी. ती शिकाऊ राहिली असती तर डोळा तिचा आणि सही माझी, असं जूनपर्यंत चाललं असतं. कोणाला कळलं नसतं. अनुदानही आलं असतं. जे मला दिसत नाही त्याखाली मी सही करणार नाही, बाळ. आणि जूनमध्ये नवी मुलगी घेतली असती तर तिला ही नजर यायला किती काळ लागला असता, ते अनुदानात बसत नाही. कांचनलाही मी विचारलं. तिने लगेच हो म्हटलं नाही. पगार वाढवून घेतला, आणि संध्याकाळी पदवीच्या वर्गाला वेळेवर सोडायचं हे कबूल करून घेतलं. पाचनंतर खोलीत थांबवलं तर निघून जाईन, असंही सांगून ठेवलं आहे. ते मला पसंत पडलं.

नेमणूक रद्द होणार नाही. हिस्सा तुझा आहे, विकायचा तर वीक. घेणाऱ्याला एवढं सांग की इथून निघणाऱ्या प्रत्येक सीलच्या दाखल्यावर सही कांचनची असते, तेव्हा शेड घेतली तरी तिच्याशी नीट वागावं लागेल. विकायचा नसेल तर काहीच करू नकोस. एवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. बाकीचं लिहिलं ते दुसऱ्या कारणाने. डोळ्यांचं मी अजून आपल्या माणसांपैकी कोणाला सांगितलेलं नाही. दिनकररावांना रिक्षा दिसते, आज ना उद्या ते विचारतील आणि मग तुला त्यांच्याकडून कळेल. ते मला नको होतं. तुला माझ्याकडून कळावं, सगळं क्रमाने कळावं, आणि कळत असताना तू मध्ये बोलू नयेस, कारण तू बोलला असतास तर मला पुढचं सांगता आलं नसतं. मला पुण्याला न्यायचं तुझ्या डोक्यात येईल. ते काढून टाक. तुझी शैला हे वाचून रडेल, तिला सांग की मी झोपते नीट आणि जेवते नीट. आता बाहेरच्या खोलीत बसते, गिऱ्हाइकांशी आणि ट्रकवाल्यांशी भांडते. आतून कांचनची बडबड ऐकू येते. काल ती पाट्याला रागावत होती. इतकी वर्षं त्या खोलीत दिव्याकडे डोळे लावून मी बसले, पण बाहेर दुपारी इतका छान वारा असतो हे मला ठाऊक नव्हतं. जमलं तर ये. विकायला म्हणून आलास तरी चालेल.

तुझीच,
ताई

भागीदार म्हणून तुझ्याकडेही असावी, यासाठी कालची नोंद उतरवून देते:

वाघोडियाचा कारखाना, १९ जानेवारी २०१९. अहल्या दत्तात्रेय सबनीस यांनी कांचन भगवान सोनवणे यांच्याकडे सोपवलं ते असं: तपासणीची सपाट काच, लाकडी पेटीसह. पिवळा दिवा, जास्तीच्या बल्बसह. बिडाचा पाटा, उत्तम स्थितीत. लॅपिंगच्या खोलीची किल्ली. तपासणीचा शिक्का. दाखल्यावर सही करण्याचा अधिकार. घेणारीने सर्व पाहून घेतलं. देणारीने स्वतःजवळ काही ठेवलेलं नाही.