राहिलेली जाळरेषा

२ फेब्रुवारी
आलो एकदाचे. वनरक्षक म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक आणि राहायला चक्क बंगली. कॉलनीच्या रांगेतलं शेवटचं घर. मागचं दार उघडलं की जंगल. बाबांचा पलंग खिडकीशी लावला. दम्यामुळे शहरात ते रात्र रात्र बसून काढायचे. इथे जेवून आडवे झाले आणि घोरायला लागले. मला इतकं बरं वाटलं की भांडी तशीच ठेवून ते घोरणं ऐकत बसले.

१० फेब्रुवारी
कामाला लागले. घरं आणि जंगल यांच्यामधला पाचोळा उन्हाळ्याआधी आपणच जाळून टाकायचा, म्हणजे वणवा घरांपर्यंत येत नाही. याला आम्ही जाळरेषा काढणं म्हणतो. इथे ती कित्येक वर्षांत काढलेली नाही. पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. इथल्या झाडांची बोंडं डिंकानं बंद असतात. आगीनं डिंक वितळला तरच उकलतात, बी सांडतं. म्हणजे इतकी वर्षं जंगलाला पोरबाळ नाही. बाबा म्हणाले, मग चिडलेलं असणार. बाबांचे विनोद हे असे.

१४ फेब्रुवारी
कॉलनीचे सेक्रेटरी आले, सोबत शेजारीणबाई. चहा नको म्हणाले. इथे धूर चालत नाही, असं हसत हसत सांगितलं आणि आधीच्या रक्षकाची बदली कशी झाली तेही सांगितलं. मी नियम दाखवले. तेव्हा शेजारीणबाईंनी बाबांकडे बघत विचारलं, यांना तरी सोसेल का धूर? मी नियमांचा कागद घडी घालून ठेवला. खरं तर मलाही निमित्त हवंच होतं. काडीसुद्धा ओढली नाही आणि वरिष्ठांना कळवून टाकलं, जाळरेषा काढून झाली.

३ मार्च
सकाळी मागच्या दाराशी पाचोळ्याचा हा ढीग. झाडून लांब टाकला. चहा होईतो परत तेवढाच. वारा अजिबात नव्हता. झाडता झाडता नाकी नऊ आले.

११ मार्च
बोंडं आता घरात येतात. सगळी बंद. शेगडीभोवती, इस्त्रीखाली, दिव्याला चिकटून. जिथे ऊब तिथे ही. सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या ओट्यावरही होती, टॉवेलखाली झाकलेली. पोरांचा खेळ म्हणाले, पण घामाघूम झाले होते. आता तरी जाळू या का, विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं.

१६ मार्च
शेगडी बंद ठेवली. वीजही. ऊब उरली ती आमच्या अंगातली, आणि बाबांना ताप आहे. दुपारी त्यांचं पांघरूण उचललं — पाठीला, काखेत, पोटाशी बोंडंच बोंडं, आईला पिल्लं बिलगतात तशी. ओढून काढताना बाबा कळवळले. मला रडू आवरेना.

१८ मार्च
जाळणार. आजच. आधी बाबांना लांब पोचवायला हवं. सेक्रेटरींकडे गाडी मागितली. पाठवतो म्हणाले, तुम्ही दोघं तयार होऊन घरातच थांबा. किती गोड बोलले.

दुपार
गाडी नाही. दारं उघडत नाहीत. पाचोळा खिडकीच्या वरपर्यंत — बाहेर खराट्यांचा आवाज येतोय. माझ्या हाका ऐकून वाट मोकळी करताहेत बहुतेक —

नाही. लोटताहेत. आपापल्या अंगणातला इथे आणून लोटताहेत. फटीतून शेजारीणबाईंना विनवलं, निदान बाबांना तरी बाहेर घ्या. त्या म्हणाल्या, एक घर दिलं की बाकीच्यांना सोडेल ते जंगल. धुराचं काय, विचारलं. म्हणाल्या, आजच्या दिवस सोसू.

बाबा खोकताहेत. ओला टॉवेल तोंडावर —

बोंडं बाबांना सोडून चाललीत. सगळी. खिडकीकडे. म्हणजे बाहेर आता