कानाची क्लिप आणि दोन अटी

३ मार्च, सकाळी ६.४०
क्लिप घसरली. पुन्हा लावली. डाव्या कानात मुंग्या चालल्यासारखं. क्लिपमधून येणाऱ्या या बारीक करंटने म्हणे कानातली नस शांत होते, मग छाती, पोट, डोकं ओळीने. रोज दोनदा, अर्धा तास. डॉक्टरीणबाईंच्या अटी दोन. मी नाडी मोजायची नाही. आणि घरच्यांनी मला ‘काही झालेलं नाही’ असं म्हणायचं नाही. धीर दिला की भीती आणखी धीर मागते. पटलं. आजपासून शिस्त. नाडी ८८. ही शेवटची.

४ मार्च
छातीत चमक. बायकोला विचारलं, हार्ट असेल का? भाजी चिरता चिरता म्हणाली, मला काय माहीत. अट पाळतेय. पाळताना एवढं खूश दिसायची गरज नव्हती.

५ मार्च, दुपारी २
वजनमापे खात्याची ड्युटी, पेट्रोल पंपाची तपासणी. पाच लिटरचं माप हातात धरून, छातीतली चमक परत येते का ते पाहत थांबलो. पंपवाल्याला वाटलं, मला काहीतरी सापडलं. खुर्ची आणली, चहा मागवला. नाडी मोजली नाही. गळ्याला सहज बोट लागलं, तेवढ्यात ९६ झाले.

७ मार्च
दोनऐवजी चार वेळा क्लिप. करंटही वाढवला. डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलं.
बायको कसलीशी तपासणी करून आली. गळ्यात गाठ आहे, सुई घालून पाहिलं. रिपोर्ट सोमवारी.
माझा गळा चाचपला. मलाही आहे, चांगली टणक. मेव्हणीला फोन केला. ती म्हणाली, भाऊजी, तो कंठमणी. पुरुषांना असतोच.
ती डॉक्टर नाही.

८ मार्च, रविवार, संध्याकाळ
क्लिप चालू असताना बायको शेजारी येऊन बसली. विचारलं, वाईट नसेल ना हो काही? नसेल गं, हे अगदी ओठावर आलं होतं. आवरलं. धीर देणं घातक. म्हणालो, सांगता येत नाही.
बायकोने रिपोर्टची पावती पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, उद्या सातला निघायचंय, येताय ना? म्हणालो, सकाळची क्लिप झाली की लगेच.
समोरच्याला धीर न देणं किती कठीण असतं, ते आज कळलं. मला जमलं. बऱ्याच दिवसांनी शांत वाटतंय.

९ मार्च
बूट घालून तयार होतो. मेव्हणी सातला आली. क्लिपची अकरा मिनिटं बाकी होती. मध्येच काढली तर गुण येत नाही, असं समजावून सांगितलं. मेव्हणी म्हणाली, असू द्या भाऊजी, बसा तुम्ही.
बायकोने पर्स उचलली. दोघी जिना उतरून गेल्या.