दळलेला आवाज

३ ऑक्टोबर, तारकर्ली

आलो बुवा एकदाचा. दारात समुद्र, ताटात बांगडा. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष तुळसाकाकींनी माईंच्या घरी माझी राहायची सोय केली आहे. काम काय, तर बोलणारं यंत्र सांभाळायचं. इथल्या होड्यांवर एक डबा असतो. वादळाची खबर आली की तो माणसाच्या आवाजात ओरडून सावध करतो. त्याचा प्रोग्राम ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडावा, वाचावा, सुधारावा. आधी तो माईंचा मुलगा यज्ञेश सांभाळायचा. आता आजारी असतो, पडवीत खुर्चीवर बसून.

काकींनी देवापुढे नारळ ठेवून माझ्या नावानं गाऱ्हाणं घातलं. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. यज्ञेशचे नुसते ओठ हलले, आवाज नाही. माझे कान तिखट. जत्रांत माइक लावले, पुढे अनाउन्सर झालो, त्याच तोंडाच्या जोरावर ओळखी काढून कॉम्प्युटर शिकलो. काकी म्हणाल्या, शंकर, तुझो आवाज खणखणीत आसा रे, असोच व्हयो होतो. मी आपला खूष.

६ ऑक्टोबर

प्रोग्राम वाचून काढला. स्वच्छ काम. भातात खडा एकच, ‘वाणी’ नावाची फाइल. ती बायनरी, नुसते यंत्राचे आकडे. मसाल्याचं कसं, मिरची, धणे, बडीशेप समोर असतात तोवर काय घातलं ते कळतं. दळून बरणीत भरला की मिरची वेगळी काढून दाखवा. ही फाइल दळलेली, आणि मूळ जिन्नस कुठेच नाहीत. ज्यात काय आहे ते वाचता येत नाही, ते उघड्या प्रोग्राममध्ये ठेवूच नये. दूरदूरच्या लोकांनी तशा तक्रारी लिहिल्यात. यज्ञेशनं एकालाही उत्तर दिलेलं नाही. फाइल काढली की डबा मुका होतो.

ठरवलं. सगळे शब्द माझ्या आवाजात नव्यानं रेकॉर्ड करायचे, मूळ रेकॉर्डिंगही सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. माईंना सांगितलं, तर त्यांनी न मागता दोन घावणे जास्त वाढले. संध्याकाळी डब्याची चाचणी असते तेव्हा त्या जवळ येऊन बसतात. आवाज यज्ञेशचा. तो ‘परत फिरा’ म्हणाला की डोळ्यांना पदर लावतात.

९ ऑक्टोबर

‘वारा’ आणि ‘लाट’ घेतले, जुनी काढून त्यांची नवी फाइल बांधली. डबा झकास बोलला. मग मूळ रेकॉर्डिंग लावलं तर कोरं. मागची समुद्राची गाजसुद्धा नाही. माइक बिघडला म्हणावं, तर माझे कान मानत नाहीत.

दुपारी यज्ञेश बोलला. वर्षानं, म्हणे. ‘वारा’ म्हणाला, मग ‘लाट’. माई रडल्या. मलाही बरं वाटलं.

१० ऑक्टोबर

माड हलत होते. बाहेर काय सुटलंय ते माईंना सांगायला गेलो, तर तोंडात शब्दच नाही. हातानं दाखवलं. माईंनी मान खाली घातली. आता लिहून बघतो. —. हे असं होतंय. कालच्या पानावर मीच लिहिलेलं आहे, पण ती दोन अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. दोन्ही शब्द, जे मी रेकॉर्ड केले.

यज्ञेशला त्याचे मिळाले. माझे गेले.

१२ ऑक्टोबर

जुनी फाइल परत घातली. चालत नाही. नवीत माझे दोनच शब्द. तुळसाकाकी आल्या. वादळाची सूचना आहे, होड्या बाहेर आहेत. उरलेले शब्द दिले नाहीत तर डबा पुढे मुकाच. मी विचारलं, यज्ञेशचं काय झालं ते ठाऊक होतं ना? म्हणाल्या, म्हायत होता. माझो झील भायर आसा. तुझो कोण आसा थंय?

माझा कुणी नाही. पण माणसं आहेत ती.

बसतो माइकपुढे. त्याआधी लिहून ठेवतो. धोका. परत. फिरा. किनारा. नको.

१५ ऑक्टोबर

होड्या आल्या. सगळ्या. काकींचा मुलगाही.

बंदरात डबे माझ्या आवाजात बोलतात. काय बोलतात, कळत नाही. आवाज तेवढा ओळखतो.

मूळ रेकॉर्डिंग सगळी कोरी. फाइल आहे.

१९ ऑक्टोबर

यज्ञेश घडाघडा बोलतो. माझ्याशी नाही. पणजीला नोकरी बघितली, म्हणे. गेला. माईंनी त्याची खुर्ची मला दिली. घावणे रोजचे दोनच.

२ नोव्हेंबर

रेकॉर्ड न केलेले शब्दही — एकेक. फाइल मोठी होते आहे. मी हात लावत नाही, तरी —

काल काकींना शिवी द्यायची होती. ती पण —

१७ नोव्हेंबर

नवी मुलगी. रिया. कुडाळची. हसरी. काकींनी तिचा आवाज वाखाणला. गाऱ्हाणं झालं. माझे ओठ —

१८ नोव्हेंबर

तिला फाइल दिसली. म्हणाली, काका, ही बायनरी इथे कशाला? मी काढते, माझ्या आवाजात सगळं नवं करते.

तिला सांगायचं, इथे — आहे. — जा. असं करू —

मान हलवायला शब्द लागत नाही. माझी मान हलते.

मी ती हलवली नाही. समुद्राकडे बघत राहिलो.

तिनं माइक लावला. पहिला शब्द घेतला. फाइल बांधली.

वारा.

वारा. लिहिता येतंय. बाहेर वारा आहे. रिया माडांकडे बोट दाखवून माईंना काहीतरी विचारते आहे, अडखळते आहे, हसते आहे. परत माइकपाशी बसली. परत. हाही आला. आता ती पुढचा —