विमान कवा उतरतं

आई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता मला डोळे मिटावे लागतात. तुझा एक प्रश्न मात्र न बोलावता ऐकू येतो.

घरातून कोणी परगावी निघालं की ते पोचेपर्यंत तू केरसुणीला हात लावायची नाहीस. मयत बाहेर पडल्यावर लगेच घर झाडतात, जित्या माणसामागं झाडायचं नसतं, एवढंच त्याचं कारण. मी शिरूरला मामाकडं निघालो की तू मनानं माझ्यासोबत एसटीत बसायचीस, आणि दुपारी "आता उतरला असंल" म्हणत दौंडच्या आपल्या खोलीचा केर काढायचीस. शिकायला लंडनला निघालो त्या सकाळी तू चुलीपुढं दशम्या भाजते आहेस, मी नवा कोट घालून आरशापुढं उभा आहे, दारात मित्र आहेत. तू विचारतेस, "विमान कवा उतरतं रं?"

"साडेचार हजार मैल आहे," मी ऐटीत म्हणालो.

"मैल न्हाई इचारत. कवा उतरशील त्ये सांग."

"तुला सांगून काय कळणार आहे?"

मित्र हसले. तू तव्यावरची दशमी उलटवलीस.

पुढचं मला धाकट्या बहिणीनं सांगितलं. मैलांचा आकडा तू ध्यानात ठेवला होतास. शिरूर तीसेक मैल, गाडी बदलून जायला अर्धा दिवस. त्या हिशेबानं माझं विमान दोन-अडीच महिने वाटेतच होतं. विमान लवकर जातं, असं धाकटी सांगून थकली. तू म्हणालीस, "लवकर पोचत असतं तर सांगितलं असतं की त्यानं." मी दुसऱ्याच दिवशी उतरलो होतो, आणि पहिलं पत्र टाकायला महिना लावला. त्याच महिन्यात वरवंडचे पाहुणे धाकटीला बघायला आले. कोपऱ्यात धुळीचा ढीग, पाटाखाली कांद्याची सालं. मावशी काकुळतीला आली, "अगं, आज तरी झाड की." तू म्हणालीस, "पोरगा वाटंत हाय माझा." पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. आईच एवढी गबाळी तर पोरगी कशी असेल, असं ते बाहेर बोलले. स्थळ मोडलं. मला लिहिलेल्या पत्रांत तू यातलं अक्षर येऊ दिलं नाहीस.

तू गेल्याची तार आली, तेव्हा मी मिळेल त्या विमानानं निघालो. उन्हाळ्याचे दिवस, तुला माझ्यासाठी थांबवता आलं नाही. मी खोलीत शिरलो तर जमीन लख्ख. "आईला नेल्या-नेल्या मावशीनं झाडून घेतलं," धाकटी म्हणाली, आणि मग तिनं ही सगळी गोष्ट सांगितली, न रागावता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. लाजेनं मला त्या झाडलेल्या जमिनीवर बसवेना.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. त्या सकाळी मला वेळ माहीत होती, आई. रात्री बसतात, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरतात. एवढंच सांगायचं होतं.