डिक्ट म्हणजे बोलणं

येरमाळा, ता. ४ ऑगस्ट २०२४

ती. रोहिणीआत्यास, पौर्णिमाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी नीट बोलत नाही म्हणून तुम्ही रागावलात. कशी बोलू? घर दोन खोल्यांचं, आणि पप्पांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून हे पत्र.

अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने होत आले. वाचा परत यायची तर बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येते, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजते.

आमच्या घरचा खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळची वंदना झाली की पप्पा इंग्रजीचा एक धातू द्यायचे आणि आम्ही त्याचे शब्द जोडायचे. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. मग इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. एक मूळ धरलं की दहा शब्द हाताशी येतात, घोकायला लागत नाही, असं ते शाळेतही शिकवायचे. हरेल त्यानं भांडी घासायची. हरायची आई, आणि भांडी पप्पाच घासायचे.

आता धातू मी देते. काल डिक्ट दिला, म्हणजे बोलणं. डिक्टेशन, डिक्शनरी, मी म्हणत राहिले. ते घामाघूम झाले, आवाज आला नाही. मग मी चहाचा कप धरून ठेवला आणि एक शब्द बोला, तरच देते म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लेकरा, च्या तरी गरम पिऊ दे की त्यान्ला, असं आई म्हणाली. मला काही सुचत नाही, आत्या.

लोभ आहेच, तो घेऊन एकदा इकडं या.

आपली,
पौर्णिमा

सोलापूर, ता. ११ ऑगस्ट २०२४

चि. पौर्णिमास, आत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ड्युटीवर वाचलं आणि तुझा कान पिरगाळावासा वाटला. आजारी माणसाचा चहा अडवतात का? आमच्या वॉर्डात असतीस तर मी तुला हाकलून दिली असती. स्पेक्ट म्हणजे बघणं, हे शिकवताना दादानं मला छडी मारली होती, त्यामुळे तुझ्यात हा गुण कुठून आला ते कळलं.

आता ऐक. ते धातू बाजूला ठेव. वंदना म्हण, रोजचं बोल आणि वाट बघ. शब्द ओढून काढता येत नाही. खरं सांगू का, मीही घाबरले आहे. असे पेशंट मी बघितलेत. काहींना वाचा येते, काहींना येत नाही. मला रागावणारा तो एकच माणूस उरलाय गं.

रजा मागितली आहे. जेवत जा, आणि माझ्या रागासकट लोभ ठेव.

तुझी आत्या

येरमाळा, ता. २९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं अर्धंच ऐकलं. चहा अडवला नाही, पण धातू सुटेना. पप्पांचा सगळा जीव इंग्रजीत, ते तिथंच सापडतील असं वाटायचं. गेल्या गुरुवारी पुन्हा डिक्ट घेतला. प्रेडिक्ट, कॉन्ट्राडिक्ट, मी रडत म्हणत होते. आई भाकरी थापत होती. पप्पांनी मान उचलली आणि स्पष्ट म्हणाले, चांगुणा.

आईचं नाव. आत्या, जन्मात मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आपल्यात बायकोला नावानं हाक मारायची रीतच नाही. ते तिला पौर्णिमाची आई म्हणायचे. आई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली, भाकरी तव्यावर करपली.

आता सगळे शब्द येतील असं वाटलं. पण दुसरा आलाच नाही. पाणी हवं तरी चांगुणा, पंखा लावायचा तरी चांगुणा, मला बोलवायचं तरी चांगुणा. कधी कधी एवढंच परत येतं, असं डॉक्टर म्हणाले. एका मुळातून दहा शब्द काढायला शिकवणाऱ्या माणसाजवळ एकच उरला. मी न्हाणीत जाऊन रडते.

आई रडत नाही. ते म्हणतात तेव्हा ती हातातलं काम टाकून ओ देते. मी चिडून म्हणाले, ते तुला हाक मारत नाहीत, त्यांना पाणी म्हणायचं असतं. ती म्हणाली, व्हय, म्हाईत हाय मला. पर आजवर ओ द्यायची पाळीच आली न्हवती, दिऊ दे की मला.

लोभ असू द्या, आणि रजा मिळो न मिळो, या.

आपली,
पौर्णिमा