वावर एकटं हाये

बाबा, "जमिनीत गेलेलं कुठी जात नाई, बाई," असं तुम्ही म्हणाला होता. मी सात-आठ वर्षांची असेन. दर्यापूरकडच्या आपल्या वावरात उन्हाने हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि माझ्या पायातलं पैंजण त्यातल्या एकीत सटकलं. मी भोकाड पसरलं. तुम्ही पालथे पडून खांद्यापर्यंत हात आत घातलात, रिकामा, काळा झालेला हात बाहेर काढलात आणि ते वाक्य बोललात. त्या साली खतासाठी धनगराच्या मेंढ्या वावरात बसवल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत तुम्ही म्हणालात, "लेंड्या, पालापाचोळा, तुह्यं पैंजण, समदं ते ठेवून घेते." मेंढ्यांचा उग्र वास आणि भेगेतून वर येणारा गार, ओलसर वास. दोन्ही मला अजून येतात, प्रयोगशाळेत काम करतानासुद्धा.

मी अकोल्यात माती तपासते हे तुम्हाला माहीत होतं. त्यात काय पाहते, ते मी कधी नीट सांगितलं नाही. झाडं हवेतला कर्ब घेतात, मुळं-पानं कुजली की तो मातीत उतरतो, आणि माती जपली तर पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतो. म्हणजे तुमचंच वाक्य. पण आता ते पुरतं खरं राहिलेलं नाही. उन्हाळे वाढलेत. माती तापली की तिच्यातले जीव साठवलेलं भराभर खातात आणि ते श्वासासारखं हवेत निघून जातं. वरून नवं काही पडत नाही. दरवर्षी भाऊ आपल्या वावरातली माती पिशवीत घालून आणतो. तपासताना तिच्यात नारिंगी रसायन पडतं. कर्ब भरपूर असेल तर ते हिरवट होतं. यंदा नारिंगीच राहिलं. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा नारिंगी.

"काय मॅडम, नापास केलं काय आपल्या वावराले?" भावाने फोनवर विचारलं. कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी जाळू नको, बारीक करून कुजव, म्हटलं, तर हसला. "कुजवायले ओल लागते, ताई. मजूर कुठी हाये? बैल इकले, आता शेण काय तुह्या अकोल्यातून आणू? मेंढ्यावाले बी येत नाईत." मग म्हणाला, "तुले काय वाटते, मले पेटवायले मजा येते काय?" त्याचं खोटं नाही, बाबा.

तुमची इच्छा होती म्हणून तुमची राख नदीत न सोडता त्याच वावरात, कडेच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरली. राखेत कर्ब जवळजवळ उरत नाही, तो चितेवरच धुरासोबत जातो, हे मला शिकवायला कुणी नको. तरी काचेच्या भांड्यात तो नारिंगी रंग पाहिला की वाटतं, तुम्ही थोडे थोडे निघून चालला आहात. परवा वावरात गेले. निंबापासून थोड्याच अंतरावर पऱ्हाटीचा ढीग रचलेला आहे. पुढच्या आठवड्यात पेटेल. भावाची मुलगी सोबत होती. तिची केसांची पिन भेगेत पडली. "आत्या, कुठी गेली ते?" मी पालथी पडून हात घातला. आतली हवा कोमट होती. तुमचं वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि मी म्हणाले, चल, नवी घेऊ.

मी अकोल्यात शिकत असताना तुम्ही ज्वारीचं पीठ घेऊन यायचात. आज राहा ना, म्हटलं की दर वेळी एकच, "नाई बाई, वावर एकटं हाये." चहा अर्धा टाकून गाडी गाठायचात. पुढे माझं घर झालं, तरी तेच. मी रुसायचे. आता त्या वाक्याची वाट पाहते. हे पत्र निंबाजवळच्या भेगेत टाकायचं मनात होतं. टाकणार नाही, कागद लगेच पेट घेतो. आणि एक सांगायचं राहिलं. तपासून उरलेली माती आम्ही फेकून देतो. यंदाची मी घरी आणून ठेवली आहे, फडताळात, तुमच्या चष्म्याशेजारी.

ढीग पेटण्याआधी अकोल्याला या, बाबा. माझ्याकडे राहा, एकदा तरी. नाही म्हणाल, ठाऊक आहे. म्हणा. तेच ऐकायला विचारते आहे.